मातीची अळी आणि मसूरडाळीचा ढालकिडा

पोळ्याच्या आदल्या दिवशी घरातील कोणत्याही मुलाच्या हाती चिखलाचा गोळा द्यावा. तासाभरात त्याचा बैल होतो. शिंगे वेडीवाकडी होतात, एखादा पाय आखूड राहतो, पण वशिंड खांद्यावरच येते. कमरेवर वशिंड बसविणारे मूल माझ्या पाहण्यात नाही. उत्तर कर्नाटकात मण्णेत्तिन अमावास्येला घरोघरी मातीचे बैल होतात, छत्तीसगडात पोऱ्याच्या सणाला चाकांवरचे नांदिया बैल मुलांच्या हाती येतात, विदर्भात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवतात. साहित्य आणि घडण निरनिराळी. बैलाची ठेवण मात्र कोणी चुकत नाही.

आता त्याच मुलांच्या वडिलांना असाच एक गोळा देऊन ‘यातून एखादा भुंगेरा करा’ असे सांगून पाहावे. शेतीशाळेत मी हे अनेकदा केले आहे. कोणी चार पाय लावतो, कोणी आठ. सहा लावणारे ते शेळीच्या पायांसारखे लांब लांब, सगळ्या पोटभर विखरून लावतात. पंख कित्येकदा शेपटीजवळ येतात. एकदा असा एक भुंगेरा हातात घेऊन मी जरा हसले, तेव्हा तो करणारे गृहस्थ म्हणाले, “मॅडम, बैल रोज डोळ्यांपुढं असतो. किडा दिसला की आमचा हात पंपाकडं जातो. बघत कोण बसतंय?”

या उत्तरात पीक संरक्षणातील एक मोठी अडचण आली आहे. आपण ज्याच्यावर फवारतो तो प्राणी आपण नीट पाहिलेलाच नसतो. तो पाहायला लावण्यासाठी माती, डाळ, काड्या, मेण अशा घरातल्या वस्तूंतून कीटकांच्या प्रतिकृती करून घेणे हा मला आजवर सापडलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. विस्तार कार्यकर्त्यांना तो आपापल्या गावी करता यावा, म्हणून त्याची कृती आणि त्यामागील कीटकशास्त्र येथे देत आहे.

चूक माझी होती

या वाटेला मी लागले ते एका फसलेल्या प्रशिक्षणामुळे. काही वर्षांपूर्वीच्या रब्बीत एका गावी करडईवरील माव्याबद्दल मी बोलले. पडद्यावर सुरेख छायाचित्रे होती. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सर्वांना आवडला. तो मावा खातो, त्याला मारू नये, हेही सर्वांनी मान्य केले. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्याच गावातील एका शेतकऱ्याचा दूरध्वनी आला. मावा थोडाच होता, पण झाडांवर काळ्या, काटेरी, नारिंगी डागांच्या ‘अळ्या’ आल्या होत्या. त्या मावा पसरवतात असे वाटून त्यांनी कीटकनाशक फवारले. अळ्या गेल्या आणि पुढे मावा असा वाढला की शेंडे चिकट, काळे पडले. फवारणीपूर्वी काढलेले छायाचित्र त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठविले. त्या ढालकिड्याच्याच अळ्या होत्या.

मी माझ्या स्लाइड पुन्हा उघडून पाहिल्या. ढालकिड्याची अळी एका कोपऱ्यात होती, बोटभर आकाराची, इतर चार छायाचित्रांच्या गर्दीत. त्या स्लाइडवर मी बहुधा काही सेकंदच थांबले असेन. माव्याची मादी नराविना, थेट पिलांना जन्म देते आणि ती पिले आठवड्याभरात स्वतः प्रजननक्षम होतात. ढालकिड्याला मात्र अंडे, अळी, कोष, प्रौढ अशा साऱ्या अवस्थांतून जायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. म्हणून दोघेही फवारणीत मेले तरी मावा आधी परततो. अळी अवस्थेत एक ढालकिडा शेकडो मावा खातो. त्या शेतकऱ्याने पैसे खर्च करून आपलेच राखणदार मारले, आणि ते ओळखायला मी त्यांना शिकविले नव्हते.

शेतीशाळेची पद्धत इंडोनेशियात १९८९ मध्ये भातासाठी सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्यांनी पाहिलेल्या किडीचे चित्र स्वतः काढणे हा तिचा भाग आहे. मात्र आपल्याकडे पेन हाती दिले की मोठी माणसे संकोचतात. ‘मला चित्र जमत नाही’ म्हणून पेन शेजाऱ्याकडे जाते. मातीला कोणी नाही म्हणत नाही.

पाय कुठे, किती?

कीटकाच्या शरीराचे तीन भाग असतात: डोके, छाती आणि पोट. सहाही पाय आणि पंख असल्यास सर्व पंख छातीलाच जोडलेले असतात, कारण त्यांना हलविणारे स्नायू तेथे आहेत. पोटात पचन आणि प्रजनन चालते. प्रौढ कीटकाच्या पोटाला पाय नसतात. हे वाक्य मी वर्षानुवर्षे सांगत आले, पण ज्याने स्वतः पाय पोटाला लावले आणि शेजारी ठेवलेल्या खऱ्या भुंगेऱ्याकडे पाहून उपटून पुन्हा छातीला लावले, त्याला ते सांगावे लागत नाही. म्हणून पहिली प्रतिकृती नेहमी न पाहता करू द्यावी आणि दुसरी भिंग व जिवंत नमुना समोर ठेवून. दोन्ही प्रतिकृती शेजारी शेजारी मांडून ठेवाव्यात. पहिली मोडून टाकू नये.

अळीसाठी मण्यांची पद्धत उत्तम. मातीचे तेरा सारखे मणी आणि डोक्यासाठी एक मणी करावा, ओले असतानाच दाभणाने आरपार भोक पाडावे आणि वाळल्यावर सुतळीत ओवावेत. डोक्यामागील पहिले तीन मणी म्हणजे छाती, पुढचे दहा म्हणजे पोट. छातीच्या प्रत्येक मण्याला केरसुणीच्या काडीचे दोन टोकदार पाय बसवावेत. हे खरे पाय. पोटाकडील आखूड, मांसल पायांसाठी मातीच्या गोळ्या चिकटवाव्यात. येथून खरी गंमत सुरू होते, कारण या गोळ्या कोणत्या मण्यांना लावल्या यावरून अळी बदलते.

सहाव्या, सातव्या, आठव्या व नवव्या मण्याला आणि शेवटच्या तेराव्याला मांसल पायांची जोडी लावली की पतंगवर्गातील नेहमीची अळी झाली: घाटेअळी, तंबाखूवरील पाने खाणारी अळी, लष्करी अळी. मक्यावरील नवीन लष्करी अळी, जिची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली, ती करायची असेल तर डोक्यावर चुन्याने उलटा इंग्रजी ‘वाय’ काढावा आणि अकराव्या मण्यावर काजळाचे चार ठिपके चौकोनात द्यावेत. इतर मण्यांवरील चार ठिपके मात्र चौकोनात नसतात; पुढची जोडी जवळ आणि मागची दूर असते. काही पत्रकांत हा चौकोन ‘शेवटून दुसऱ्या’ खंडावर असल्याचे लिहिलेले असते. शेवटचे दोन खंड वरून पाहता एकच वाटतात, त्यामुळे तसे दिसते. मणी मोजले की तो शेवटून तिसरा निघतो.

आता सोयाबीनवरील हिरवी उंटअळी करू. हिला सहाव्या व सातव्या मण्याचे पाय लावायचेच नाहीत. फक्त आठवा, नववा आणि तेरावा. सुतळीत ओवलेली ही अळी जमिनीवर ठेवून तिचे मागचे पाय पुढच्या पायांजवळ सरकवावेत. मधल्या चार मण्यांना खाली टेकायला काही नसल्याने ते वर उचलले जातात आणि कुबड येते. ‘उंटअळी’ हे नाव कसे पडले ते मुलांनासुद्धा तेथेच कळते. अळी स्वभावाने कुबड काढीत नाही, मधे पाय नसल्यामुळे ते निघते.

मोहरी, मुळा, कोबी घेणाऱ्यांनी आणखी एक अळी जरूर करावी. पाचव्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक मण्याला आणि शेवटच्या तेराव्याला मांसल पाय लावले तर आठ जोड्या होतात. ही मोहरीवरील काळ्या माशीची अळी. नावात माशी असली तरी हा कीटक मधमाशी-गांधीलमाशीच्या कुळातील आहे, पतंगांच्या नव्हे. पतंगांच्या अळ्यांवर वापरले जाणारे बीटी जिवाणूचे कीटकनाशक तिच्यावर लागू पडत नाही. ‘औषध बोगस निघाले’ अशी तक्रार कधी कधी येते. पायांच्या जोड्या पाचाहून अधिक आहेत का, एवढे पाहिले असते तर तो खर्च वाचला असता.

पाय कमी होत जाण्याची दुसरी बाजूही आहे. हुमणीला छातीचे सहा पाय असतात, मांसल पाय एकही नसतो, आणि शरीर अर्धवर्तुळात वळलेले असते. कणकेची वळी वाकवून ती चांगली होते. येथे थोडे सावध राहावे, कारण शेणखताच्या खड्ड्यातील प्रत्येक वळलेली पांढरी अळी पिकाची हुमणी नसते. कुजलेला पालापाचोळा खाणाऱ्या काही भुंगेऱ्यांच्या अळ्याही तशाच दिसतात. त्यांतील अनेक अळ्या सपाट जमिनीवर ठेवल्या की उलट्या होऊन पाठीवर सरपटतात. हुमणी तसे करीत नाही. माश्यांच्या अळ्यांना तर पायच नसतात. फळात अशी बिनपायाची अळी सापडली तर फळमाशीचा संशय घ्यावा. पण माव्याच्या वसाहतीत, पुढे निमुळती होत गेलेली बिनपायाची अळी दिसली तर ती बहुधा मावा खाणाऱ्या सिरफिड माशीची असते. तिला राहू द्यावे.

आणि ज्या अळीपासून हे सारे सुरू झाले, ती ढालकिड्याची अळी. तिच्यासाठी मणी नकोत. मातीची चपटी, मागे निमुळती वळी करावी, सुसरीच्या आकाराची. सहा लांब पाय छातीच्या दोन्ही बाजूंना स्पष्ट बाहेर आलेले. अंगावर तांदळाच्या कण्या टोचून काटे, काजळाचा रंग आणि गेरूचे ठिपके. मांसल पाय नाहीत. माव्यात फिरणारी, लांब सहा पायांची, चपळ अळी दिसली तर पंप खाली ठेवायचा, एवढे या प्रतिकृतीतून हाताला कळावे.

स्वयंपाकघरातील खऱ्या मापाचे कीटक

मोठी प्रतिकृती अवयव शिकविते, पण तिच्यामुळे आकाराची कल्पना चुकते. म्हणून प्रत्येक मोठ्या प्रतिकृतीशेजारी खऱ्या मापाची एक ठेवावी. येथे स्वयंपाकघर विलक्षण कामास येते.

मसुराच्या डाळीचा दाणा एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने घुमटाकार आणि केशरी असतो. त्याच्या पाठीवर टाचणीच्या टोकाने काजळाचे ठिपके दिले की जवळपास खऱ्या मापाचा ढालकिडा तयार होतो. तो करडईच्या पानावर डिंकाने चिकटवून ठेवावा आणि प्रशिक्षणार्थींना शोधायला सांगावे. क्रायसोपर्लाचे अंडे पानावर एका बारीक देठावर उभे असते. केसाच्या तुकड्याच्या टोकाला डिंकाने खसखशीचा एक दाणा लावला की ते झाले. हे देठ पाहिलेला माणूस पानावरील अशी अंडी बुरशी समजून पुसून टाकीत नाही. नवीन लष्करी अळीचा अंडीपुंज खसखशीच्या ढिगावर सावरीचा किंवा साधा कापूस विरळ पसरून होतो. तिची अंडी प्रत्यक्षात खसखशीहून बारीक असतात, एवढे सांगावे. अळीवर वाढणाऱ्या परोपजीवी गांधीलमाशीच्या पांढऱ्या कोषांसाठी तांदळाची कणी, आणि आतून पोखरला गेलेला, फुगून तांबूस-सोनेरी झालेला मावा दाखवायला राजगिरा. ही दोन्ही लक्षणे पाहून बरेच जण ‘नवा रोग’ समजतात. खरे तर मित्रकीटक कामाला लागल्याची ती खूण आहे.

कोळी हा कीटक नव्हे. त्याचे शरीर दोन भागांचे आणि पाय आठ. मोठ्या वाटाण्याला छोटा सोयाबीनचा दाणा जोडून नारळाच्या काथ्याचे पाय पुढच्या दाण्याला लावावेत. पाय मागच्या दाण्याला लागले की शेजारचाच कोणीतरी हटकतो. तोवर वर्गाची नजर तयार झालेली असते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. गुंजेचा लाल, एका टोकाला काळा दाणा ढालकिड्यासाठी मुद्दाम केल्यासारखा दिसतो, आणि प्रत्येक वर्गात कोणीतरी तो आणतोच. गुंज अत्यंत विषारी आहे. चावली गेल्यास जिवावर बेतू शकते. लहान मुले असलेल्या ठिकाणी ती आणूच नये. एरंडाच्या बियांनाही हेच लागू. तसेच बीजप्रक्रिया केलेले रंगीत बियाणे कितीही आकर्षक दिसले तरी वापरू नये; त्याचा रंग हा कीटकनाशकाच्या किंवा बुरशीनाशकाच्या लेपाचा असतो. माती घेतानाही फवारणीचे पंप जेथे धुतले जातात ती जागा वर्ज्य समजावी.

माती कोणती? काळी कसदार माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसून तडकते. तिची अळी दुसऱ्या दिवशी दोन तुकड्यांत सापडते. ओढ्याकाठचा गाळ, कुंभाराची माती किंवा वारुळाची माती उत्तम. वाळवी मातीचे बारीक कण लाळेने सांधून वारूळ बांधते, त्यामुळे ती माती आधीच मळल्यासारखी असते. काळी माती वापरणे भागच असेल तर तिच्यात बारीक भुसा किंवा पिंजलेला कापूस मिसळावा आणि प्रतिकृती सावलीत, ओल्या फडक्याखाली सावकाश वाळू द्यावी. काडीचे पाय ओल्या मातीत कायमचे रोवू नयेत; माती आकसते, काडी आकसत नाही, आणि तेथेच तडा जातो. दाभणाने जाड भोके पाडून ठेवावीत, पाय वाळल्यावर डिंकाने बसवावेत. रंगासाठी गेरू, चुना, काजळ पुरेसे आहेत. हळदीत ओला चुना मिसळला की लाल रंग मिळतो.

कणीक वापरण्याचा मोह मलाही झाला होता. घरी कणकेच्या चाळीस अळ्या करून, रंगवून, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवल्या. पावसाळ्यानंतर खोके उघडले तेव्हा आत पिठाचा भुगा होता आणि त्यातून छोटे तपकिरी भुंगेरे निवांत फिरत होते. साठवणुकीतील किडींवर व्याख्याने देणाऱ्या बाईच्या घरात हे घडले, हे मी सहकाऱ्यांना पुष्कळ दिवस सांगितले नाही. कणकेच्या वस्तू त्याच दिवसापुरत्या समजाव्यात. कडधान्याचे अख्खे दाणे वापरले असतील तर ते आधी कडक उन्हात तापवून, प्रतिकृती हवाबंद डब्यात ठेवाव्यात. डाळीला भुंगेरा सहसा लागत नाही, त्यामुळे मसुराचे ढालकिडे पुष्कळ टिकतात.

मेणाची अळी शेतात ठेवली तर

प्रतिकृतीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो संशोधनातून आलेला आहे. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी जगभरातील ३१ ठिकाणी मऊ, हिरव्या कृत्रिम अळ्या, एकूण सुमारे २,९००, पानांवर चिकटविल्या आणि त्यांवर कोणी चावा घेतला ते खुणांवरून ओळखले. विषुववृत्ताकडे आणि सखल प्रदेशात हल्ले अधिक होते, आणि ही वाढ पक्ष्यांमुळे नव्हे, तर मुंग्यांसारख्या संधिपाद प्राण्यांमुळे होती. आपण ज्यांची शेतात दखलही घेत नाही, ते उष्ण प्रदेशात एवढे काम करीत असतात.

हाच प्रयोग छोट्या प्रमाणात आपल्या बांधावर करता येतो. मातीची अळी वाळून टणक होते, तिच्यावर खूण उमटत नाही. कणकेची अळी खरोखरच खाल्ली जाते आणि निष्कर्ष फसतो. म्हणून मधमाश्यांचे मेण घ्यावे, त्यातील मध पूर्ण धुऊन काढावा, नाहीतर मुंग्या मधासाठी येतील. मेण गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवावे व नखाचा ओरखडा सहज उमटेल इतके मऊ होईपर्यंत थोडेथोडे खाद्यतेल मिसळावे. तेच तेल आधी पालकाची पाने घालून तापवून गाळले तर हिरवट छटा येते. या मेणाच्या तीन सेंटिमीटर लांबीच्या, हरभऱ्याच्या देठाहून थोड्या जाड अळ्या वळाव्यात आणि डिंकाने पानांवर चिकटवाव्यात. वीस अळ्या नियमित फवारणी होणाऱ्या तुकड्यात, वीस अळ्या बांधावर चवळी, झेंडू किंवा मका असलेल्या तुकड्यात. कडक उन्हाळ्यात हा प्रयोग करू नये, मेण ओघळते.

दोन दिवसांनी भिंगाने पाहावे. पक्ष्याच्या चोचीने त्रिकोणी खाच किंवा समोरासमोर दोन खुणा पडतात. उंदराच्या दातांचे समांतर चरे दिसतात. मुंग्या आणि भक्षक भुंगेरे यांच्या जबड्यांच्या खुणा टाचणीने टोचल्यासारख्या, जोडीजोडीने असतात. मेणाची अळी हलत नाही आणि तिला खऱ्या अळीचा वास नसतो, त्यामुळे परोपजीवी माश्या तिच्याकडे येत नाहीत आणि मावा खाणारे ढालकिडेही फिरकत नाहीत. म्हणजे ही मोजणी शेतातील सर्व मित्रकीटकांची नव्हे, केवळ चावून खाणाऱ्यांची आहे. दोन तुकड्यांची तुलना करायला मात्र ती पुरते.

खुणा मोजून झाल्यावर मेणावरून बोट फिरवून अळी पुन्हा गुळगुळीत करावी व त्याच पानावर ठेवावी. एकदा केलेल्या चाळीस अळ्या साऱ्या हंगामाला पुरतात. फवारणीच्या आधीच्या आठवड्यात एकदा आणि नंतरच्या आठवड्यात एकदा मोजणी केली, तर त्या फवारणीने कोण नाहीसे झाले हे शेतकऱ्याला स्वतःच्या वहीत लिहिता येते.